मागचं डावं चाक

"अक्का, मागनं कसला तरी आवाज येतोय," मी म्हणालो.

"यू दे. तू पुढं बघ. उजवी तीन, आत खड्डा, मग दोनशे सरळ."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शैलजा. कॉलेजात गणित शिकवायची आणि रॅलीत माझ्या डाव्या हाताला बसून वही वाचायची. पुढचं वळण कुठलं, किती कडक, त्यात काय वाढून ठेवलंय, हे सगळं ती हेल्मेटमधल्या माइकवर सांगायची आणि मी डोळे झाकून ऐकायचो. म्हणजे डोळे उघडेच असायचे, पण जतकडच्या त्या माळावर पुढच्या गाडीच्या धुरळ्यात उघडे काय नि झाकलेले काय, सारखंच.

रॅलीची गाडी हजार आवाज करते. पत्रा खडखडतो, खालून धोंडे बडवतात, सीटसुद्धा कुरकुरते. हा आवाज मात्र चाकाबरोबर फिरत होता. टक, टक, टक. मी वेग वाढवला की टकटकही वाढायची.

गाडी बंद पडली असती तर आमचं दोघांचं फारसं काही बिघडणार नव्हतं. आम्ही हौशी माणसं. बिघडणार होतं ते दस्तगीर वस्तादचं.

दस्तगीर शिकलगार. कोल्हापुरात तीस वर्षं शर्यतीच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. आदल्या वर्षी प्रताप शिरोळकरच्या गाडीचं मागचं डावं चाक भर वेगात निखळलं. शिरोळकर वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. गाडी वस्तादनं तयार केलेली होती. चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही. पण कोल्हापुरात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही, चहाचा एक गाडा पुरतो. 'शिकलगारानं नट सैल ठिवलं,' एवढं एक वाक्य गावभर झालं आणि वर्षभर एकानंही त्यांच्या दारात शर्यतीची गाडी नेली नाही. वस्ताद लुनाचे पंक्चर काढत बसले.

आमची गाडी तयार करा म्हणून मी तीनदा गेलो, तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा आले. येताना एवढंच म्हणाले, "बापू, तुझा इश्वास हाय न्हवं? मग बास."

म्हणून मी आणि अक्कानं ठरवलं होतं, नंबर नको. शेवटून पहिले आलो तरी चालेल, पण वस्तादची गाडी स्वतःच्या चार चाकांवर परत न्यायची. आणि आता तिसऱ्या टप्प्यात, अडतीसातले सतरा किलोमीटर झाले असताना, मागच्या डाव्या चाकातच टकटक सुरू झाली होती.

मी गाडी बाजूला घेतली. अक्का उतरली, मागं गेली, वाकली. आरशात मला तिची नुसती पाठ दिसत होती.

"बाप्या, तीनच नट हैत," ती ओरडली. "चवथ्याचा बोल्टच तुटलाय. मुळातनं. राहिलेले तिन्ही हलतायत. पाना दे."

सीटमागची हत्यारांची गुंडाळी मी काढून बॉनेटवर पसरली. प्रत्येक हत्यारावर कुंकवाचं बोट होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. हत्यारं धुवायची, पुसायची, पूजेत मांडायची आणि दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. वस्तादचे वाडवडील तलवारींना धार लावणारे. त्यांच्या घरात ईद जितकी पाळत, तितकीच खंडेनवमी. त्या दिवशी गाडी जळत असली तरी वस्ताद पाना उचलणार नाहीत, असं सगळे चेष्टेनं म्हणायचे. त्यांनी सर्व्हिसच्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या तंबूतच पूजा मांडली होती, आणि दसऱ्याच्या सकाळी नमस्कार करून ही गुंडाळी त्यांनीच माझ्या हातात दिली होती.

पक्कड होती, स्क्रू ड्रायव्हर होते, तारेचं भेंडोळं होतं. व्हील पान्याचा कप्पा रिकामा होता.

अक्कानं तो कप्पा दोनदा चाचपला. "असं कसं? वस्ताद विसरले?"

"विसरले असतील," मी म्हणालो.

"आता रे काय करायचं?"

नियम असा होता की दोन सर्व्हिसच्या मध्ये गाडीला हात लावायचा तो आतल्या दोघांनी, आणि गाडीत जे असेल त्यानंच. बाहेरचा खिळा घेतला तरी बाद. अक्कानं पकडीनं तिन्ही नट जमतील तेवढे आवळले. पक्कड सटकत होती, नटाचे कोपरे झिजत होते. आम्ही परत निघालो. मागच्या गाड्या एकेक करून हॉर्न मारत पुढं गेल्या. शेवटच्या दोघांनी तर हातही केला. मी पाचवेळा बाजूला झालो आणि पाचवेळा धुरळा खाल्ला.

सात किलोमीटर गाडी तशीच रेटली. मग एक उतार आला. खाली ओढा, ओढ्यावर अरुंद फरशी, कठडा नाही.

"उतार, शंभर. डावी दोन, फरशी. सावकाश हं."

मी ब्रेक दाबला. पॅडल थेट खाली जाऊन टेकलं. परत दाबलं, तेच. त्याच क्षणी मागं काडकन आवाज झाला आणि गाडीचं ढुंगण डावीकडं बसलं.

"अक्का, ब्रेक न्हाई!"

"काय?"

"ब्रेक गेला!"

तिनं वही मिटली नाही. "गिअर खाली घे. उजवीकडं मातीचा बांध आहे, साठ मीटरवर. त्याला घास. चाळीस. घास!"

मी दुसरा टाकला, पहिला टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक उपसला. गाडीची उजवी बाजू बांधाला लावली आणि दरवाजा, आरसा, हँडल सगळं खरवडत आम्ही फरशीच्या अलीकडं जेमतेम दहा पावलांवर उभे राहिलो. आरसा माझ्या मांडीवर येऊन पडला होता.

मग मी उतरलो आणि मागं जाऊन बघितलं. दुसरा बोल्ट गेला होता. डगडगणाऱ्या चाकानं ब्रेकचा रबरी पाइप घासून फाडला होता आणि तेल थेंबथेंब मातीत पडत होतं. चौदा किलोमीटर राहिले होते. ब्रेक नाही, पाना नाही, चाक दोन बोल्टांवर.

मला रडू आलं. खरंच आलं. तिशीतला माणूस मी, ओढ्याकाठी खाली बसलो आणि हेल्मेट तोंडापुढं धरून हुंदके दिले. माझ्या डोळ्यांपुढं तो चहाचा गाडा होता. 'बगा, शिकलगाराची गाडी. परत त्येच चाक.'

"रडायचं असलं तर गाडी चालवत रड," अक्का म्हणाली. "ऊठ. पाइप कुठं फाटलाय? त्याच्या अलीकडं दाबून बंद केला तर बाकीच्या चाकांना ब्रेक येईल का न्हाई?"

"येईल. थोडा."

"मग पकडीनं दाब आणि तारेनं बांध."

"पक्कड तिथं अडकवली तर नट कशानं आवळायचे?"

"बोटानं," ती म्हणाली.

मी पाइप पकडीत चिमटून तारेनं करकचून बांधत होतो, तेवढ्यात ओढ्यापलीकडून ट्रॅक्टर आला. फेटेवाला एक बाबा, ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातलेल्या. त्यानं इंजिन बंद केलं.

"पाव्हणं, चाक गेलं जणू? पाना देऊ का? ह्यो बगा, समद्या मापाचा हाय."

त्यानं सीटखालून फुलीसारखा चौतोंडी पाना काढला आणि माझ्यापुढं धरला. चार मिनिटांचं काम होतं. आजूबाजूला माणूस नव्हतं, मार्शल नव्हता. मी हात पुढं केला.

"बाप्या, हात लावू नको."

"कोण बघतंय इथं?"

"मी बघतो," अक्का म्हणाली. कोल्हापूरच्या बायकांना स्वतःला बघते-जाते म्हणणं जमत नाही, आणि गणिताच्या प्राध्यापिकेलाही ते जमलेलं नव्हतं. "उद्या कुणी म्हणालं, बाहेरचा पाना घेऊन गाडी आणली, तर वस्तादनं तोंड कुठं दाखवायचं? आणायची तर नियमात आणायची. न्हाईतर इथंच सोडून चालत जाऊ."

"मग जरा ढकलू का?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"तेही चालत नाही, बाबा."

"आता हो! मग खेळता कशापायी असलं?" असं म्हणून त्यानं पाना परत सीटखाली टाकला. पण गेला नाही. आम्ही दिसेनासे होईपर्यंत तो तिथंच उभा होता.

अक्कानं घड्याळ बघितलं. तिचा हिशेब तोंडीच असायचा. "सत्तेचाळीस मिनिटं आहेत. त्याच्यापुढं गेलो तर बाद. दर किलोमीटरला एक मिनिट थांबायचं, मी उतरून नट आवळणार. म्हणजे चालत्या गाडीला पंचवीसच्या वर वेग पाहिजे. तीसच्या वर गेलास तर चाक जाईल. पंचवीस ते तीस. कळलं?"

त्या चौदा किलोमीटरांसारखं काही मी पुढच्या सगळ्या शर्यतींत पाहिलं नाही. ज्या रस्त्यावर नव्वदनं गाडी फेकायची, तिथं मी अठ्ठावीसनं चाललो होतो, काचेची बरणी घेऊन चालावं तसा. प्रत्येक किलोमीटरला अक्का "थांब" म्हणायची, उतरायची, मागं धावायची. चाकाचा मधला भाग घासून घासून तापला होता. पहिल्या तीन वेळा तिनं रुमाल धरला. चौथ्या वेळी रुमाल करपला. मग तिनं नोंदवहीचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडून घेतलं. तेही दोन थांब्यांत संपलं. त्यानंतर ती उघड्या बोटांनी नट फिरवत होती. आतून मला तिचं कण्हणं हेल्मेटमध्ये ऐकू यायचं, कारण घाईत ती माइक बंद करायची विसरायची.

"अक्का, मी उतरतो, तू बस."

"तुझे हात भाजले तर गाडी कोण चालवणार? डावी चार. चल."

दहाव्या थांब्याला तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी सुटली होती. ती सीटवर बसली, हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच सुरात पुढचं वळण वाचलं. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. तिला काहीतरी सांगावं असं ओठांपर्यंत येत होतं आणि मी ते गिळत होतो.

शेवटचं वळण उजवीकडं होतं, म्हणजे सगळा भार डाव्या चाकावर. पलीकडं झेंडे दिसत होते. वळणातच तिसरा बोल्ट तुटला. चाक बाहेरच्या अंगाला झुकलं आणि बंपर जमिनीला लागला. आता एकच बोल्ट.

"किती मिनिटं?"

"साडेतीन. चारशे मीटर. सावकाश. थांबू मात्र नको, थांबलास तर परत उठणार न्हाई ती."

मी अर्ध्या क्लचवर, माणूस हळू पळतो त्या वेगानं गाडी नेली. लोक दोन्ही बाजूंनी धावत येत होते आणि हात न लावता नुसते ओरडत होते, 'आली, आली, आली!' पंचानं आमच्या कार्डावर शिक्का मारला तेव्हा वेळेतले चाळीस सेकंद उरले होते. शेवटून पहिला नंबर. चाक अजून गाडीलाच होतं.

मग जे झालं ते बघण्यासाठी मी चौदा किलोमीटर देवाचा धावा करत आलो होतो. तांत्रिक पंचानं खाली वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नट सैल नव्हते. बोल्ट तुटलेत. ह्या धोंड्यांत कुणाचेही तुटतील. तरी गाडी आली, कमाल आहे." गर्दीत कोल्हापूरची निम्मी रॅली मंडळी होती. आधी कुणीतरी टाळी वाजवली. मग शिरोळकर, तोच प्रताप शिरोळकर, काठी टेकत पुढं आला आणि त्यानं वस्तादच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "वस्ताद, सोनं घ्या." मग दुसरा आला, तिसरा आला. वस्तादची ओंजळ भरली. एक वर्षानं त्यांना चारचौघांत कुणी वस्ताद म्हटलं होतं.

तेवढ्यात अक्का आली. हाताला कुणीतरी ओला पंचा गुंडाळला होता. ती थकली होती, तिच्या हातांची आग होत होती आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

"बोल्ट तुटले ते जाऊ दे, वस्ताद," ती म्हणाली. "पण गाडीत पाना ठेवायचा विसरलासा? एवढं एक काम तुम्हाला झालं न्हाई? हे बघा हात."

वस्तादनी तिचे हात बघितले. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, दोनतीन श्वास.

"व्हय, अक्कासाब," ते म्हणाले. "इसरलो. म्हातारपण, दुसरं काय. माफ करा मला."

गर्दी पांगल्यावर ते गाडीमागं उकिडवे बसले आणि तुटलेल्या बोल्टाचा तुकडा त्यांनी नटातून फिरवून काढला. अंगठ्यानं चाचपला. मी शेजारी उभा होतो.

"ह्याची मान लांबलीया," ते हळूच म्हणाले. "धोंड्यानं तुटल्याला बोल्ट असा न्हाई दिसत. ह्यो पैलाच ताणल्याला हुता. किती आवळलास?"

"पान्याला पाइप लावून," मी म्हणालो. "तीन फुटी."

"कवा?"

"काल दुपारी. तुम्ही झेंडू आणायला गेला होता तेव्हा."

सगळे सोळा नट वस्तादनी स्वतःच्या हातानं आवळून, हत्यारं धुऊन पूजेत मांडली होती. ते गेल्यावर मी गाडीजवळ एकटाच उभा होतो आणि मला मागचं डावं चाक दिसलं. शिरोळकरचा पाय आठवला. मी पूजेतल्या गुंडाळीतून व्हील पाना काढला, त्याला पाइप चढवला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्या चाकाचे चारही नट फिरवले. पुढच्या चाकाकडं वळणार तेवढ्यात वस्तादच्या लुनाचा आवाज आला. मी घाबरून पाना गोणपाटाखाली सारला. सकाळी आठवण झाली तेव्हा वस्ताद तंबूतून हलेनात, आणि त्यांच्यासमोर गोणपाट उचलायचं धाडस मला झालं नाही.

"घावला मला," वस्ताद म्हणाले. "तुमी गेल्यावर. कुंकू पुसल्याला. म्हनलं पूजेतनं पाना कुनी उचलला आसंल?"

"वस्ताद, मी आत्ता सगळ्यांना सांगतो. अक्काला सांगतो. तुमची काही चूक नव्हती."

"गप." त्यांनी माझं मनगट धरलं. "काय सांगशील? शिकलगारानं बराबर आवळलं हुतं, पर माझाच त्येच्यावर इश्वास न्हवता, म्हनून मी परत आवळलं? लोक काय म्हंतील? जो गाडीत बसतो त्येलाच भरवसा न्हाई. आत्ता कुटं सोनं दिलंय त्यांनी मला. त्ये ऱ्हाऊ दे माझ्याकडं. कुनाला सांगू नगंस. आनभाक घे."

मी शपथ घेतली.

"कशापायी केलंस, बापू?"

"भ्या वाटलं," मी म्हणालो. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "शिरोळकरसारखं होईल असं वाटलं."

त्यांनी बोल्टाचा तुकडा खिशात टाकला. "मलाबी वाटायचं," ते म्हणाले. "वरीसभर. रातध्याड वाटायचं, खरंच ऱ्हायला आसंल का नट सैल आपल्या हातनं? तुला तसं वाटत न्हाई म्हनून मी हत्यार धरलं हुतं."

त्यानंतरच्या सोमवारी तीन जण आपापल्या गाड्या घेऊन त्यांच्या दारात गेले. वस्तादनी तिघांनाही चहा पाजला आणि डोळ्यांनी दिसत नाही म्हणून परत पाठवलं. त्यांना शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता येत होता. मग ते बाजारात विळ्यांना आणि कात्र्यांना धार लावायला बसू लागले. मी भेटायला जायचो. ते माझी चौकशी करायचे, पोरांची करायचे. गाडीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मी आणखी सहा वर्षं गाडी चालवली आणि सोडली.

अक्का मात्र बावीस वर्षं ती गोष्ट सांगत आली. लग्नात, बारशात, कुणी तिच्या बोटांवरचे डाग बघितले की तिथं. शेवट ठरलेला असायचा, 'वस्ताद म्हणजे देवमाणूस, पण पाना ठेवायला विसरला बघा!' सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या आठवड्यात वस्ताद गेले. माती देऊन मी अक्काकडं गेलो. ती पलंगावर बसली होती, डोळे पुसून म्हणाली, "सोन्यासारखा माणूस रे. विसराळू तेवढा."

मी तिला सगळं सांगितलं. पाइप, गोणपाट, शपथ, सगळं. ती चिडेल, मला फाडून खाईल, असं मला वाटलं होतं. निदान हात उगारील असं तरी वाटलं होतं. तिनं दोन्ही तळवे पदराखाली घेतले.

"मी त्यांना चारचौघांत बोललो रे, बाप्या," ती म्हणाली. "आणि त्यांनी माझी माफी मागितली."